निरंक

मंडळी, मागच्या मृगातली गोष्ट. आमच्या पुतण्याचं घाटनांदूरला कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं, फवारणीचे पंप, सगळं मिळतं. पेरणीच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि एरवी दारातल्या बाकावर आम्ही दोन-चार म्हातारे पेपर वाचत बसलेले असतो. पुतण्यानं तीन-चार वर्षांपूर्वी कॉम्प्युटर घेतला. तेव्हापासून तो माल बघायला गोदामात जात नाही, पडद्यावर बघतो. मोठ्या कौतुकानं मला दाखवायचा, "काका, इथं बसल्या जागी सगळं कळतंय."

तर झालं असं, की मेअखेरीस त्यानं पडद्यावर बघितलं, डीएपीची ८४ पोती शिल्लक. एवढी पुरतील पहिल्या पावसाला, म्हणून त्यानं नवी मागणी टाकलीच नाही. पाऊस पडला, वाफसा आला, आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात रांग. दुपारी गोदामातून पोरगं ओरडत आलं, "दादा, संपली!" निघाली होती फक्त ३६ पोती. राहिलेली माणसं अंबाजोगाईला, परळीला गेली. पेरणी खोळंबलेला माणूस थांबत नाही. त्यातले काही जण पुन्हा आमच्या दुकानात आले नाहीत. वीस वर्षांची गिऱ्हाइकं होती ती.

पुतण्याचा पहिला संशय चोरीवर. दुसरा गोदामातल्या पोरावर. ते पोरगं रडकुंडीला आलं. मी म्हटलं, "पोलिसात जायच्या आधी आपण दोघं वही घेऊन बसू." रात्री जेवणं झाल्यावर बसलो. मी एकेक नाव वाचायचं आणि त्यानं पडद्यावर शोधायचं. अकराच्या सुमारास सापडलं. डीएपी, ८४ पोती. त्याच्याखाली पुष्कळ अंतरावर '१८:४६' असं एक नाव, त्यापुढे उणे ३१. आणि अजून खाली 'अठरा सेहेचाळीस', उणे १७.

शेतीतल्या मंडळींच्या लगेच लक्षात आलं असेल. ही तिन्ही नावं एकाच खताची. डीएपीत नत्र १८ टक्के आणि स्फुरद ४६ टक्के, म्हणून शेतकरी त्याला अठरा-सेहेचाळीस म्हणतो. माल आला की हिशेबनीस बिलावरचं 'डीएपी' लिहायचा. विकताना पोरगं गिऱ्हाईक जे बोलेल ते लिहायचं. ८४ मधून ३१ आणि १७ वजा करा, बरोबर ३६ उरतात. चोरी झाली नव्हती, बेरीजही चुकली नव्हती. तिघांनी तीन नावांनी लिहिलं आणि चौथ्यानं त्यातलं एकच वाचलं, एवढंच झालं होतं.

मुलीचा मुलगा पुण्यात एका कंपनीत असतो. त्याला फोनवर ही हकीकत सांगितली तर तो हसायला लागला. म्हणाला, "आजोबा, याला आमच्याकडं डेटा क्वालिटी म्हणतात. मोठमोठ्या कंपन्या या कामाला माणसं ठेवतात." मग त्यानं मंगळावरच्या यानाची गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाशी पोचलं आणि तिथंच नाहीसं झालं. इंजिनाच्या रेट्याचे आकडे एका बाजूची माणसं पौंडात देत होती, दुसऱ्या बाजूची माणसं ते मेट्रिक समजून वाचत होती. म्हणजे तिथंही डीएपी आणि अठरा-सेहेचाळीसच की! पुतण्याला हे सांगितल्यावर त्याला जरा बरं वाटलं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आपण सगळेच वापरतो. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. कारण मी ३६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत आडात ओतायचंच काम केलं. जन्मतारखा लिहिल्या, हजेऱ्या लिहिल्या, पट लिहिला, जनगणनेचे तक्ते भरले. त्या आडातून पुढे कोण पाणी काढणार आहे, याचा विचार फार उशिरा केला.

जन्मतारखेपासूनच सुरुवात करतो. आमच्या पिढीतल्या माणसांचे वाढदिवस बघा. निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला! दरवर्षी ३१ मेला सरकारी कचेऱ्यांतून माणसं घाऊक निवृत्त होतात. निरोपसमारंभाला हार कमी पडतात. कारण १ जूनला जन्मलेल्याची नोकरी नियमानं आदल्या दिवशी संपते. या सगळ्यांना १ जूनला कोणी जन्माला घातलं? आम्ही गुरुजींनी. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराचं वय भरलेलं दाखवायचं, आणि रकाना मोकळा ठेवायची सोय नव्हती.

मी स्वतः त्याच जत्रेतला. आई सांगायची, मी पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या दिवाळीत झालो. पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८ ची, म्हणजे मी ऑक्टोबर १९४९ चा. शाळेतल्या गुरुजींनी १ जून १९५० लिहिलं आणि मी ३१ मे २००८ ला निवृत्त झालो. सात महिन्यांचा पगार मला त्या गुरुजींनी दिला, असं मी गमतीनं म्हणतो.

पण गंमत बाजूला ठेवली तर यात एक गोष्ट आहे, ती माझ्याही लक्षात पुष्कळ वर्षांनी आली. आया-आज्या जे सांगायच्या ते चुकीचं नसायचं. 'बहात्तरच्या दुष्काळात, ज्वारीच्या काढणीला.' 'भूकंप झाला त्याच्या आदल्या साली, पोळ्याच्या तोंडावर.' किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. महिनाभर इकडे-तिकडे धरलं तरी त्या सांगण्यातून तारीख काढता आली असती. आम्ही ती खरी पण ओबडधोबड माहिती टाकून दिली आणि तिच्या जागी खोटी पण नीटनेटकी तारीख बसवली. रकाना भरला, साहेब खूश.

१९९१ ला आणि २००१ ला जनगणनेला प्रगणक म्हणून फिरलो, तिथंही तेच. वय विचारलं की माणूस आभाळाकडं बघायचा आणि म्हणायचा, "लिवा की चाळीस." बाई म्हणायची, "असंन पस्तीस." लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासकांना हे चांगलं माहीत असतं. शून्यावर आणि पाचवर संपणाऱ्या वयांची गर्दी किती आहे हे मोजायला त्यांनी व्हिपल निर्देशांक नावाचं माप काढलंय. गर्दी नसेल तर शंभर, आणि सगळ्यांनीच शून्य-पाच सांगितलं तर पाचशे. आमच्या भागातले तक्ते त्या मापाला लावले असते तर काय आलं असतं, देव जाणे! मी मात्र चाळीस लिहायचो आणि पुढच्या घरी जायचो.

आता जे सांगायचंय ते जरा जड आहे. घरच्या मंडळींना यातलं थोडं माहीत असेल, सगळं नाही.

१९९७ च्या सुमारास मी बालाघाटच्या डोंगरातल्या एका वस्तीवरच्या शाळेत होतो. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. वस्ती सगळी ऊसतोडीला जाणारी. दिवाळी झाली की मुकादमाचे ट्रक यायचे. भांडी, सरपण, कोंबड्या, पोरं, सगळं भरून माणसं कारखान्याला जायची ती पाडव्याच्या आसपास परत यायची. शाळेत दिवाळीआधी साठ पोरं, दिवाळीनंतर पंचवीस-तीस. राहायची ती आजी-आजोबांजवळ ठेवलेली.

त्या काळात शाळेत शिजवलेला आहार नव्हता. १९९५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत पोरामागं महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. अट एकच, हजेरी ८० टक्के. दुसरीकडं पटावर शिक्षकांची पदं ठरायची. पट घसरला तर आमच्यातला एक जण अतिरिक्त होणार, आणि माझ्या जोडीदाराची बायको तेव्हा आजारी होती.

डिसेंबरमध्ये एक म्हातारी पिशवी घेऊन दारात आली. तिची नात चौथीत होती, चुणचुणीत. तिला आईबापांनी बरोबर नेलं होतं, फडात धाकट्या भावाला सांभाळायला आणि भाकरी थापायला. म्हातारी धाकट्या दोन नातवंडांना घेऊन मागं राहिलेली. म्हणाली, "गुर्जी, तिच्या नावचे तांदूळ मिळतेल का? घरात काय बी न्हाई." मी हजेरीपट उघडला आणि पोरीच्या नावापुढं महिन्याभराच्या तिरक्या रेघा ओढल्या. मग वाटलं, एकीला का, सगळ्यांनाच. एकोणीस पोरं गेलेली होती. एकोणीस नावांपुढं रेघा ओढल्या. जोडीदाराचं पद राहिलं, म्हातारीची चूल पेटली. त्या दिवशी मला वाटलं, आपण चांगलं काम केलं. आजही मी त्याला पाप म्हणायला तयार नाही. पण पुढचं ऐका.

दोनेक वर्षांनी वरून एक तक्ता आला. 'हंगामी स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या, शाळेत अनुपस्थित राहणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या'. अशा पोरांसाठी काय सोय करता येईल ते ठरवायचं होतं. तोवर त्याच रेघा दरवर्षी ओढल्या जात होत्या. आता रकान्यात एकोणीस-वीस लिहावं, तर माझाच हजेरीपट माझ्याविरुद्ध साक्षीला उभा. सगळ्यांची हजेरी ८० टक्क्यांच्या वर! मग एवढी पोरं अनुपस्थित कुठून आली? रात्रभर विचार केला आणि सकाळी त्या रकान्यात लिहिलं, 'निरंक'.

सरकारी कागदातला हा मोठा साजरा शब्द आहे. निरंक, म्हणजे काही नाही. आजूबाजूच्या शाळांतूनही तसंच गेलं असणार, कारण रेघा सगळीकडंच ओढल्या जात होत्या. आमच्या वस्तीला त्यानंतर काही वर्षं कुठलीच सोय आली नाही. का येईल? कागदावर तिथं गरजच नव्हती. तांदूळ द्यायला मी जी रेघ ओढली, तिनंच त्या पोरांना हिशेबातून पुसून टाकलं.

त्याच वस्तीवर एक दुसरी वही होती, मुकादमाची. मुकादम जेमतेम चौथी शिकलेला. पण त्याच्या वहीत कुठल्या कोयत्याला किती उचल दिली, किती फिटली, किती बाकी, यात एका रुपयाची चूक सापडायची नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता. पोरांची मात्र त्या वहीत मोजणीच नाही. म्हणजे बघा, शाळेच्या वहीत ती पोरं शाळेत होती, मुकादमाच्या वहीत ती नव्हतीच, आणि खरी पोरं तिसरीकडंच, उसाच्या फडात पाचटावर झोपलेली.

मुकादमाची वही एवढी बरोबर कशी? कारण त्यात चूक झाली तर भुर्दंड त्यालाच. माझ्या वहीतल्या चुकीनं माझं काहीच बिघडत नव्हतं, उलट भलंच होत होतं. झळ लागायची ती दुसऱ्या कुणाला, आणि तीही फार वर्षांनी. पुढं खूप विचार केल्यावर मला वाटतं, चुकीच्या नोंदींचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं. आळस, अडाणीपणा हे नंतर. ज्या आकड्यावर कुणाची तरी भाकरी टांगलेली असते तो आकडा सरळ राहत नाही. आणि आकडा मागणाऱ्यानं आपल्याला तो कशासाठी हवाय हे सांगितलेलं नसतं.

मी निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी, ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली. आधी नांदेड जिल्ह्यानं करून दाखवली, मग सगळीकडं. एकच पोरगं दोन शाळांत दाखवू नये म्हणून बोटाला मतदानासारखी शाई लावली. लाखो पोरं कागदावरच निघाली. काही संस्थांनी तर धंदाच मांडला होता. पोरं नाहीत, तुकड्या आहेत आणि अनुदान चालू आहे. टीव्हीवर त्या बातम्या बघताना घरातले सगळे शिव्या घालत होते. मी गप्प बसलो होतो. त्या संस्थाचालकांच्या पंगतीत मी नव्हतो, पण माझ्या रेघा आणि त्यांच्या रेघा कागदावर सारख्याच दिसत होत्या. कागदाला हेतू दिसत नाही.

नीट मोजलं की काय होतं, तेही आमच्याच जिल्ह्यानं पाहिलंय. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात हे इथं सगळ्यांना कानोकानी माहीत होतं. २०१९ मध्ये घरोघर पाहणी झाली. ८२,३०९ बायकांची विचारपूस केली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. 'लई बायकांची काढत्यात' म्हणून कुणी काही केलं नव्हतं. आकडे बाहेर येऊ लागल्यावर विधिमंडळात चर्चा झाली, आणि खासगी दवाखान्यांनी अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असं बंधन आलं. दुःख तेच होतं, मोजल्यावर ते वरपर्यंत ऐकू गेलं.

मग आता ज्याची वस्तू त्यानंच लिहावी, म्हणजे झालं का? तसंही नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः रानात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर नोंद करायची. चांगली गोष्ट आहे. पूर्वी ही पाहणी चावडीत बसूनही व्हायची म्हणतात. पण तलाठ्यानं त्यातल्या दहा टक्के नोंदी तपासायच्या हेही त्यात ठेवलंय, ते शहाणपणाचं. कारण २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला, तेव्हा लिहिणाराही तोच आणि लाभ घेणाराही तोच. कुणाच्या तरी जमिनीवर, सरकारी पडिकावर, नसलेल्या पिकाचे विमे उतरवले गेले. त्यात आमच्या बीड जिल्ह्याचं नाव पुढं आलं. २०२५ मध्ये ती योजना बंद झाली. खरा शेतकरी पुन्हा खरिपाला दोन टक्के हप्ता भरू लागला. खोटी नोंद एकाची, भुर्दंड सगळ्यांना.

यंत्रालासुद्धा माणूस लागतोच. आमचं घाटनांदूर हे महसूल मंडळ. मंडळातल्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस दिसला तर अतिवृष्टी, त्यावर पंचनामे आणि मदत. पण आमच्याकडचा पाऊस कसा, तर बैलाचं एक शिंग भिजवतो आणि दुसरं कोरडं ठेवतो. यंत्र खोटं बोलत नाही, ते फक्त स्वतःपुरतं बोलतं. ते झाडाखाली आहे की मोकळ्यावर, त्याच्यात पाचोळा अडकलाय का, हे पाय झिजवून बघायलाच लागतं.

असो. दुकानाकडे वळतो. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा आता काय करायचं ते." मी त्याला चार गोष्टी सांगितल्या, सगळ्या शाळेच्या दप्तरातल्याच.

एका वस्तूला एकच नाव. गिऱ्हाईक काहीही म्हणो, पडद्यावर डीएपीच. त्याची यादी छापून गल्ल्यामागं चिकटवली, आणि शेजारी लोक काय काय म्हणतात तेही लिहिलं, म्हणजे नवीन पोराला कळेल.

दुसरं, जो पोतं उचलतो त्यानंच आणि त्याच वेळी लिहायचं. संध्याकाळी आठवून लिहिलेली हजेरी ही हजेरी नसते, आठवण असते.

तिसरं, चूक झाली तर पुसायची नाही. आमच्या दप्तरात खाडाखोडीला बंदी होती. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही. त्यामुळं काय चुकलं होतं तेही दिसत राहतं. पुतण्याचं पोरगं चूक झाली की ती ओळच उडवायचं, कारण बोलणी बसायची. पुतण्याला म्हटलं, "चूक सांगायला आलेल्या पोरावर ओरडलास तर ते पुढच्या वेळी लपवील. आणि परवा तू त्याला चोर ठरवत होतास, त्याची आधी माफी माग." मागितली. आठवड्यातून एकदा गोदामात जाऊन हातानं पोती मोजायची असंही ठरलं.

चौथी गोष्ट त्याला पटायला वेळ लागला. प्रत्येक ठिकाणी 'माहीत नाही' लिहायची मुभा ठेवायची. तो म्हणाला, "असं कसं काका, हिशेबात माहीत नाही कसं चालंल?" मी म्हटलं, "चाललं असतं तर निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मला नसता."

हे त्याला सांगताना माझ्या डोळ्यांपुढं जी होती तिच्याबद्दल सांगून थांबतो.

२०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरणं चालू होतं. एक दिवस दारात एक बाई आली, बरोबर बारा-तेरा वर्षांचा मुलगा. पाया पडली. मी ओळखलं नाही. तिनं आजीचं नाव सांगितलं तेव्हा ओळख पटली. तीच चौथीतली. केसांत पांढरं दिसू लागलेलं, हाताला कोयत्याचे घट्टे. तिच्याकडं दोन कागद होते. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, कारण काढताना नुसतं साल सांगितलं होतं. शाळेच्या दाखल्यावर १ जून, माझ्या अक्षरातली. कुणीतरी तिला घाबरवलं होतं की तारखा जुळत नाहीत, अर्ज बाद होईल. तिनं विचारलं, "गुर्जी, ह्यातली खरी कोणती?"

मला तिची आजी आठवली. नाव घालताना म्हातारी म्हणाली होती, "ऊस संपून घराकडं येताना वाटंतच झाली, पाडव्याच्या चार रोज आधी." साल धरलं तर पंचांगात तारीख सापडली असती. मी म्हटलं, "दोन्ही खोट्या आहेत, बाई. तू पाडव्याच्या आधी झालीस." ती हसली. "मंग ते लिवा की." मी काय सांगणार तिला! सही-शिक्क्याचं खोटं बदलायला खऱ्यापेक्षा जास्त कागद लागतात. अर्जाला आधारवरचीच तारीख टाकू, दाखला फक्त रहिवासाच्या पुराव्याला लावू, असं सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिनं दाखला माझ्यापुढं धरला. "हितं खाली काय लिवलंय ते वाचून दावा ना. मला वाचाया येत न्हाई."

'अभ्यासातील प्रगती' असा रकाना होता. पुढं माझ्याच अक्षरात होतं, 'समाधानकारक'.

मी वाचून दाखवलं. ती मुलाकडं वळून म्हणाली, "बघ, मी हुशार हुते साळंत." मुलगा हसला. आमच्या सौ.नं दोघांना चहा दिला. मुलाला मी विचारलं, तुझे आईबाप गेल्यावर तू कुठं असतोस? म्हणाला, गावातच, आत्याकडं. सातवीत आहे. मी त्याच्याकडून पेपरातला मथळा वाचून घेतला. घडाघडा वाचला त्यानं. ते दोघं गेल्यावर मी बराच वेळ ओट्यावर बसून होतो.

१ मार्च २०२७ हा पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस ठरलाय. यावेळी गुरुजी-बाईंच्या हातात मोबाइल असणार. तुमच्या घरी येतील तेव्हा त्यांना उभ्या-उभ्या वाटेला लावू नका. पाणी द्या, बसवा, आणि वय विचारलं की आभाळाकडं न बघता नीट सांगा.

आता मृग पुन्हा तोंडावर आलाय. परवा दुकानात गेलो तर पुतण्यानं पडदा माझ्याकडं फिरवला. डीएपी, एकच नाव, एकच आकडा. खाली 'माहीत नाही, बघायचंय' या रकान्यात सात नोंदी होत्या. तो जरा चाचरत म्हणाला, "काका, ह्या सातांचा मेळ लागंना अजून."

मी चष्मा काढून ठेवला आणि त्याला म्हटलं, "चल, गोदामात जाऊन मोजू."